उजवा गुडघा

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी कालपासून माझं तुमच्याशीच भांडण चाललंय. चहा करते, तो गार होतो, उठते, परत येऊन बसते. विद्यापीठाने मला इथल्याच एका कॉलेजचा फिजिओथेरपीचा पदवी अभ्यासक्रम तपासायला पाठवलं होतं. तो चालू ठेवायचा की नाही, हे माझ्या अहवालावर ठरणार होतं.

इमारत चकचकीत, यंत्रांवरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालेलं नाही. ओपीडीत मात्र ही गर्दी. पहिल्या बाईंचा उजवा गुडघा दुखत होता, शेजारच्या काकांचा उजवा, त्यांच्या पलीकडच्यांचाही उजवाच. एका आजोबांना विचारलं, कधीपासून दुखतोय? ते अगदी सरळपणे म्हणाले, "आज सकाळपासून. गाडीत बसवताना सांगितलं ना तुमच्या लोकांनी." मला हसू आलं आणि पाठोपाठ संतापही. तपासणीच्या दिवशी पेशंट गोळा करून आणायची चाल आपल्याकडे जुनीच, पण निदान दुखणी तरी वाटून द्यायची.

मग तुम्ही आठवलात. मी पहिल्या वर्षाला आहे, मनमाडचे एक रेल्वे कामगार खांदा धरून बसलेत आणि मी लांबूनच त्यांना व्यायाम सांगते आहे. तुम्ही मला बाहेर नेता आणि आवाज न चढवता म्हणता, "आधी हात लाव. मग बोल." त्या दिवशी मी फार रडले होते. इथली मुलं शेवटच्या वर्षाला आली आहेत आणि खऱ्या दुखण्याला त्यांचा हात अजून लागलेला नाही.

निघताना पेठ तालुक्याकडची एक विद्यार्थिनी गाडीपाशी आली. "मॅडम, ते पेशंट आणलेले हायेत, आमाला पण माहिती हाय. पण कॉलेज बंद नका करू. आमच्या पाड्यातून इथवर आलेली मी एकलीच." मी काहीतरी पुटपुटले आणि काच वर केली.

सर, नवे प्रवेश थांबवा आणि आताच्या मुलांना वर्षभर सरकारी रुग्णालयात काम केल्याशिवाय पदवी देऊ नका, असं मी लिहून दिलं. बरोबरच लिहिलंय. तरी जीव थाऱ्यावर नाही. त्या पोरीच्या घरचे आणखी एक वर्ष थांबतील का, की लग्न लावून मोकळे होतील? हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. मी तिचं नाव विचारलं नाही. विचारलं असतं, तर माझ्याने सही झाली नसती.