ठकीची सहा सत्रं

३ जून

पोचलो एकदाच्या आम्ही बहिणी! दोन ट्रंका, एक गादी, माझा कॉम्प्युटर आणि ठकी, असं सामान टेम्पोतून उतरवलं. ठकीला सामानात धरलं म्हणून ती फुगली, पण अख्ख्या वाटेत सगळ्यात जास्त आवाज तिचाच होता.

आजपासून मी या मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर. चौतिसाव्या वर्षी साठ मुली मला 'बाई' म्हणणार, विचारानंच हसू येतं. रेक्टरच्या बहिणीला शेजारच्या कॉलेजात प्रवेश मिळतो, खरं तर त्यासाठीच मी ही नोकरी धरली. आई-बाबा गेले तेव्हा ठकी सात वर्षांची होती. तिच्या वेण्या, तिचं गालगुंड, शाळेतून येणाऱ्या तक्रारी, सगळं माझ्याच वाट्याला आलं, आणि खरं सांगते, त्यातलं काहीही मला कधी नको झालं नाही. आता ती वनस्पतिशास्त्र शिकणार. पानांची चित्रं अशी काढते की अळीसुद्धा फसावी.

इमारत तीन मजली आहे. प्रत्येक मजल्यावर लांब व्हरांडा, तोंड धुवायला ओळीनं सहा बेसिनं, त्यातलं चौथं गळतं. माझी खोली तळमजल्यावर, टोकाला. भिंतीपलीकडे प्रार्थनेची खोली आहे. नुसती बाकं आणि एक दिवा, कुठल्याच देवाचं चित्र नाही. ज्यानं त्यानं आपापला आणावा, असा कारभार. ठकी तिथे शिरली ती अर्धा तास बाहेर आलीच नाही. सकाळ, दुपार, संध्याकाळ न चुकता प्रार्थना करते ही मुलगी. हे वेड तिला कुठून लागलं कोण जाणे. मी देवाशी बोलत नाही. आधी त्यानं बोलावं, मग बघू.

तिची खोली चौदा नंबरची. जोडीदारीण इतकी उंच आहे की मी तिला 'जिराफ' म्हणून मोकळी झाले. पाचव्या मिनिटाला दोघी खिदळत होत्या. बरं वाटलं.

९ जून

दुपारी दोन ते चार मुली वर्गात असतात आणि वसतिगृह माझं एकटीचं. म्हणजे पुन्हा खेळ सुरू! ठकी त्याला 'ताईचा माणसं पाळायचा खेळ' म्हणते. चुकीचं नाही ते. माणसं बनवायची, त्यांना घर द्यायचं, जेवू घालायचं, कामाला लावायचं. मी त्यावर चॅलेंज रचते, म्हणजे खेळाला आपले स्वतःचे नियम लावायचे आणि त्या नियमांनी एक आयुष्य पार पाडून दाखवायचं. माझी अकरा चॅलेंज आहेत आणि हजारभर लोक ती खेळतात.

बारावं मला आज ठकीनं दिलं. जेवताना मी तिला छेडलं की तुझा देव कधी उत्तर तरी देतो का. ती तोंडात घास घेऊन म्हणाली की उत्तर मिळत असतं तर त्याला श्रद्धा कशाला म्हणायचं? काहीतरी हातातून जातं तेव्हाच कळतं, आहे की नाही ते. मी चमचा ठेवला आणि लिहायलाच बसले.

नायिका कॉलेजात येते. सहा सत्रं. रोज तीन वेळा प्रार्थना. खेळणारा म्हणजे देव, पण त्यानं तिला कधीच उत्तर द्यायचं नाही. उलट प्रत्येक सत्राच्या शेवटी तिचं काहीतरी काढून घ्यायचं. आधी एखादी वस्तू, मग कला, मग मैत्रीण, चौथ्या-पाचव्या सत्रात अंगातलं एखादं सुख, आणि सहाव्यात सगळ्यात जवळचं माणूस. घेतलेलं परत द्यायचं नाही. शेवटपर्यंत प्रार्थना करत राहिली तर पदवी, आणि ती मोकळी. प्रार्थना थांबली तर तिला खेळातून पुसून टाकायचं. एवढं लिहून स्वतःवरच खूश होऊन मी चहा केला.

नायिका म्हणून ठकीच हवी होती. ती खुर्चीच्या हातावर बसली आणि नाक तीनदा बदलायला लावलं. मी मुद्दाम सूड उगवते म्हणे. तिच्या अंगावर आईची हिरवी शालही टाकली. मग हेच वसतिगृह बांधलं, गळक्या बेसिनासकट. चौदा नंबरात जिराफ बसवली आणि टोकाच्या खोलीत चष्मा लावलेली मी. सगळ्यांनी एकाच नायिकेला घेऊन खेळायचं असतं, म्हणून नेहमीप्रमाणे घर माणसांसकट खेळाच्या ऑनलाइन गॅलरीत टाकलं. कुणीही उतरवून घ्यावं.

१७ जून

पहिलं सत्र पार पडलं. मी तिची शाल काढून घेतली. खेळातली ठकी जरा वेळ रडली आणि डोळे पुसून प्रार्थनेला गेली. लोकांना भारी आवडलं. ऐंशी जणांनी कौतुक केलं.

गंमत म्हणजे आज खरी शालही सापडत नाहीये. वाळत घातली होती, तिथे नुसते चिमटे. मी साठही मुलींना फैलावर घेतलं. ठकीच माझी समजूत घालत बसली की जिनं नेली तिला थंडी वाजत असेल. आईची एवढी एकच वस्तू होती तिच्याकडे. तिला नाही, मलाच रडू आलं.

२४ जून

काल दुसरं सत्र. चित्रकला शून्यावर आणली.

आज ठकी वर्गातून लवकर परत आली. मला कागद दाखवला. पानाचं चित्र काढायचं होतं. कागदावर तीन वर्षांच्या पोराच्या असतात तशा रेघोट्या. वर्गातल्या बाईंनी विचारलं म्हणे, थट्टा करतेस का. माझ्यासमोर तिनं पुन्हा पेन्सिल धरली. हात थरथरत नव्हता, बोटं दुखत नव्हती. पान कसं काढायचं तेच तिला माहीत नव्हतं. मी तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी टॉर्च मारला, गुडघ्यावर ठोकलं आणि अभ्यासाचा ताण म्हणाले.

आधी शाल, आता हे. मग स्वतःलाच झापलं. रेक्टर असून भुताखेतांवर विश्वास ठेवायचा म्हणजे कहर झाला.

ठकी प्रार्थनेला गेली. मला वाटलं भांडायला गेली असेल. भिंतीतून ऐकू आलं, आभार मानत होती.

१ जुलै

तिसरं सत्र. आठवडाभर टाळलं. लोक मागे लागले होते की चॅलेंज रचणारीच पळाली का. शिवाय हा निव्वळ योगायोग आहे हे मला एकदाचं सिद्ध करायचं होतं.

खरं कारण लिहू का? टाळ्या हव्या होत्या मला. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी माझी वाट बघत होतं.

मैत्रीण काढून घेतली. एका क्लिकचं काम.

२ जुलै

जिराफ सकाळी माझ्या खोलीत आली. चौदा नंबरात तिच्यासोबत कुणी अनोळखी मुलगी राहते, तिला दुसरी खोली हवी म्हणे. मी म्हटलं, अगं, ठकी ती. तिनं विचारलं, कोण ठकी?

थट्टा नव्हती. पोरगी घाबरून पांढरी पडली होती. मागे ठकी दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं.

मी खेळातलं माझं घर पुसलं. मग खेळच काढून टाकला. झालं. संपलं. आता काही होणार नाही.

५ जुलै

ठकीला चव लागत नाहीये. मावशींनी, खानावळ त्याच बघतात, तिच्या ताटात चुकून मीठ दोनदा टाकलं होतं. शेजारच्या मुली थुंकल्या. ठकी निमूट जेवत होती.

पण खेळ तर मी काढलाय!

मग आठवलं. गॅलरी.

धावत येऊन उघडली. माझी ठकी दोन हजार तीनशे जणांनी उतरवून घेतली आहे. दोन हजार तीनशे देव. आणि सगळे चौथ्या सत्रापाशी. खाली रांगेनं लिहिलंय कुणी काय घेतलं ते. एकीनं चव. एकानं झोप. कुणी ऊब. कुणी हसू घेतलंय, आणि पुढे हसण्याचं चित्र टाकलंय.

मी घर गॅलरीतून काढलं. पण ज्यांनी नेलंय त्यांच्याकडे ते आहेच. ते कसं काढू?

७ जुलै

ठकी झोपत नाही. डोळे मिटून पडते, बस. जुलैच्या उकाड्यात दोन स्वेटर घालून दात वाजतात तिचे. मी विनोद केला तर माझ्या तोंडाकडे बघत राहते, मी काय करायला सांगतेय ते कळत नसल्यासारखी.

लोकांना लिहिलं. हात जोडून लिहिलं. ही खरी मुलगी आहे, माझी बहीण आहे, थांबा. त्यांना वाटलं हाही चॅलेंजचाच भाग. काय रंगवलंय म्हणाले! अंगावर काटा आला म्हणाले. आता चार हजार झाले. एकमेकांना देताहेत.

मीच सांगितलं होतं त्यांना. उत्तर द्यायचं नाही. परत द्यायचं नाही.

८ जुलै

प्रार्थनाच केली नाही तर? खेळच संपेल, असं वाटलं. दुपारी तिला खोलीत कोंडून धरलं. ती विनवत होती. मी दाराला पाठ लावून उभी.

मग तिचा हात बघितला. टेबलावर होता. हाताखालून टेबलाची लाकडी रेघ दिसत होती. हातातून.

पुसून टाकायचं. तेही मीच लिहिलंय.

दार उघडलं. तिला उचलून प्रार्थनेच्या खोलीत नेलं. हात परत भरला. काय करून बसले मी हे—

१० जुलै

पाचवं सत्र. गाणं ऐकू येत नाही. गोंगाट ऐकू येतो, सूर नाही. वास गेला. आज विचारलं तिनं, ताई, मी काय केलं? पहिल्यांदाच विचारलं. बारा वर्षांत या पोरीनं कधी तक्रार केली नव्हती.

तिला सगळं सांगितलं. वेडी झालीस म्हणाली नाही. नुसतं डोक्यावरून हात फिरवला माझ्या. गार हात.

११ जुलै

एकच वाट आहे. सहावं सत्र. सगळ्यात जवळचं माणूस गेलं की पदवी. मोकळी. नियमच तसा आहे.

जवळचं माणूस मी.

आज सगळ्यांना लिहिलं. रडले नाही, विनवलं नाही, त्यांच्याच भाषेत लिहिलं. चला, कसले थांबलात, शेवटचं सत्र संपवा. टोकाच्या खोलीत रेक्टर आहे, चष्मा लावलेली. तिला घ्या. पटापट.

घेतील. चांगली माणसं आहेत.

ठकीला नाही सांगितलं. तिची वेणी घातली. बऱ्याच वर्षांनी घालू दिली.

१३ जुलै

प्राचार्यबाई दारात येऊन मावशींना म्हणाल्या, ही खोली किती दिवस रिकामी आहे, रेक्टर नेमायला हवी. मी खुर्चीत बसले होते. चहा पीत होते.

व्हरांड्यात ठकी भेटली. मी समोर उभी राहिले. ती थांबली. बघितलं. अहो, कुणाला भेटायचंय तुम्हाला, म्हणाली. किती नीट बोलली. मीच शिकवलंय मोठ्यांशी नीट बोलायला.

अहो म्हणाली मला.

पण सकाळपासून तिचं काहीच गेलं नाही. काहीच नाही. झालं. सुटली पोर. सुटली—

१४ जुलै

कुणाच्याच अंगावर माझी नजर ठरत नाही, म्हणजे त्यांची माझ्यावर. मला ओलांडून जातात. चालेल.

गॅलरी बघितली. पदव्याच पदव्या. मग खाली—

कुणीतरी लिहिलंय, सहा सत्रं फारच सोपी. त्यानं वाढवलीयत. तीच नायिका. आणखी बारा सत्रं. आता नियम जास्त कडक आहेत म्हणे. नऊशे जणांनी घेतली. बाराशे.

मी लिहितेय, नको, नको. बटणं दाबते. पडद्यावर अक्षर येत नाही. बोटं कुठे आहेत माझी—

पेन अजून चालतंय.

भिंतीपलीकडे ती आहे. ऐकू येतंय. माझं म्हणून आता कुणी नाही, म्हणते. तरी आभार, म्हणते. दृष्टी अंधुक झालीय दुपारपासून, म्हणते, तीही तुझीच—

वही तिच्या बाकावर ठेवायला हवी. उठता येईल. येईल.

ठकी, दिसतंय तोवर वाच. तू ज्यांच्यापुढे हात जोडतेस ना, तिथे देव नाही गं. तिथे नुसती माझ्यासारखी माणसं—