डोळा लागेल असा सिनेमा

तीर्थरूप आत्यास,

वाकून नमस्कार. (दुकानाच्या गल्ल्यामागे स्टुलावर वही मांडीवर घेऊन लिहिते आहे, त्यामुळे वाकण्याचा भाग तरी शंभर टक्के खरा आहे.) आपली आणि आतोबांची प्रकृती ठीक असावी अशी आशा करते. आतोबांचा गुडघा जिना चढू देतो का? आपला खोकला गेला का, की औषध पुन्हा कुंडीत ओतलंत? इथवर मोठ्यांना लिहितात तसं लिहिलं. आता 'तू' म्हणते, नाहीतर हे पत्र माझ्याने पुढे रेटवणार नाही. इकडे सर्व क्षेम. म्हणजे आईची पाठ दुखते, बाबा तिच्याशी परवापासून बोललेले नाहीत आणि दुकानाचं शटर अर्ध्यात अडकतं. पण हे सगळं नेहमीचंच असल्यामुळे क्षेमातच धरलं आहे.

तू फोनवर विचारलंस, "अगं, सिनेमा लागणार कधी? शेजारणींना तारीख सांगायचीय." मी "लवकरच" म्हणाले आणि फोन आईच्या हातात कोंबला. तो 'लवकरच' खोटा नव्हता, पण खराही नव्हता, आणि तेव्हापासून घशात माशाच्या काट्यासारखा बसला आहे. म्हणून आता सगळं सविस्तर. बाबांनी मला महिनाअखेरपर्यंत मुदत दिली आहे. तोवर सिनेमा कुठेतरी लागून चार पैसे घरात आले, तर मी दुसरा करायला मोकळी. नाही तर एक तारखेपासून पूर्ण वेळ दुकानात, कॅमेरा विकायचा आणि पुन्हा विषय काढायचा नाही. हे बाबा रागाने म्हणाले असते तर मी रडून मोकळी झाले असते. कापड मोजता मोजता म्हणाले, आणि मोजण्यात चुकलेही नाहीत.

आता, या सगळ्यात मुळातली चूक तुझी आहे, हे मी आदरपूर्वक नमूद करते. मला शाळेत घालायच्या आधी तू मला या दुकानात शिकवलंस. तागे मोजून अंक, कापडाच्या काठावरच्या छापावरून अक्षरं, आणि या दोन्हींच्या आधी हे, की आपलं दुकान कटपिसांचं आणि गिरणीने बाजूला काढलेल्या मालाचं. तेव्हा गिऱ्हाइकाने भाव विचारायच्या आत डागावर बोट ठेवून दाखवायचं. डाग आधी, भाव नंतर. कापड विकायला हे धोरण उत्तम आहे, गिऱ्हाईक पुन्हा येतं. हे धोरण घेऊन सिनेमा विकायला निघालेली मी बहुधा पहिलीच, आणि माझे हाल बघता शेवटचीच.

आधी गेले थिएटरवाल्यांकडे. ते किल्लीने कान साफ करत बसले होते. कसा आहे सिनेमा, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं की सुरुवातीला बराच वेळ कोणी बोलत नाही, दोन ठिकाणी आवाज घुमतो, आणि मध्यंतरानंतर बघणाऱ्याचा डोळा लागायची शक्यता आहे. (हे मी मनचं सांगितलं नाही. मित्रमंडळींना दाखवला तेव्हा आमचा एडिटर, ज्याने स्वतःच्या हाताने तो सिनेमा जोडला, तो घोरला.) थिएटरवाल्यांनी कानातून किल्ली काढली. म्हणाले, "बाई, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने आलाय?"

मला आपलं वाटत होतं की सिनेमा लावला की थिएटरवाला आपल्याला पैसे देतो. तसं मोठ्यांच्या सिनेमाचं असतं. आपल्यासारख्यांनी हॉलचं भाडं आधी भरायचं, जाहिराती आपण चिकटवायच्या, तिकिटं आपण खपवायची आणि शिल्लक उरली तर ती आपली. लग्नाचा हॉल घेतल्यासारखंच, फक्त आहेर नाही. मंगळवारी दुपारचा एक खेळ मिळाला. मी खिडकीशी उभी राहिले. एक जोडपं आलं. मुलीने विचारलं, प्रेमाचा आहे का? मी म्हणाले, नाही, घर विकायच्या आधी एक बाई एकटीच ते आवरते, त्याचा आहे. (ते काम माझ्या आत्याने केलंय, हेही सांगितलं.) शेवट गोड आहे का? मी म्हणाले, नाही, पण प्रामाणिक आहे. ती दोघं शेजारच्या पडद्याकडे गेली, तिकडे गाड्या उडत होत्या. शेवटी तिकिटाच्या खिडकीतला माणूस बाहेर डोकं काढून म्हणाला, "ताई, तुम्ही आत जाऊन बसा, मी विकतो." आणि त्याने विकली! "आत गार आहे" एवढंच सांगून विकली. जे आले ते गारव्याला आले, आणि गारवा आमच्या सिनेमापेक्षा चांगला होता, याबद्दल कोणाचंच दुमत झालं नाही.

नंतर एक दलाल भेटले. मोबाइलवर सिनेमे दाखवणाऱ्या कंपन्या आपल्याकडून थेट सिनेमा घेत नाहीत, मध्ये असा एक गृहस्थ लागतो. यांनी पाठवलेल्या करारात लिहिलं होतं की सिनेमाचे सगळे हक्क मी त्यांना अखिल विश्वात, आज असलेल्या आणि उद्या निघणाऱ्या सर्व माध्यमांत, कायमचे देते. मी फोन करून विचारलं, अखिल विश्वात का? ते म्हणाले, छापीलच असतं हो, एवढं कोण वाचतं. मी वाचते. मला झोप लागेना. आपला सिनेमा आपल्याच शहरात चालत नाही आणि आपण परग्रहावरचे हक्क लिहून देतोय, यात कोणाची तरी फसवणूक होते आहे असं वाटत राहिलं. कोणाची ते ठरेना. मी 'अखिल विश्व' खोडून 'हा खंड' लिहिलं आणि करार परत पाठवला. त्यानंतर त्यांनी फोन उचलला नाही. (एकदा उचलला, पण चुकून.)

मग आई म्हणाली की सगळ्या गोष्टी शिकून करायच्या असतात. म्हणून 'स्वतंत्र सिनेमा आणि नफा' या एक दिवसाच्या शिबिराला गेले. शिकवणाऱ्या सरांनी तरुणपणी एक सिनेमा काढला होता, तो कोणी पाहिला नाही, आणि तो का पाहिला नाही यावर आता ते शिबिरं घेतात. हॉल भरला होता. लोक पायऱ्यांवर बसले होते. नफ्यात असलेला स्वतंत्र दिग्दर्शक मी त्या दिवशी प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिला. सरांनी सांगितलं की आपला प्रेक्षक कोण ते कागदावर लिहा: वय, आवड, खर्च करण्याची ताकद. मी वेळ न घालवता तुझं वर्णन लिहिलं. सरांनी वाचून कागद परत दिला. "हा प्रेक्षक रडतो, टाळ्या वाजवतो, पण तिकीट काढत नाही. पासवर येतो." राग मानू नकोस. मला वाईट याचं वाटलं की ते बरोबर होते. सरांचा दुसरा सल्ला असा, की थिएटरच्या दारात ताटकळू नका, माणसं जिथे आधीच बसलेली असतात आणि उठू शकत नाहीत तिथे सिनेमा न्या.

हा सल्ला मी वाया गेलेली फी म्हणून विसरूनही गेले होते, तोच आपल्या दुकानात बसवाले आले. लांब पल्ल्याच्या बारा गाड्यांचे मालक, गोल, घाईतले, खिडक्यांच्या पडद्यांसाठी गडद कापड बघत होते. बाबा आत तागे काढत होते म्हणून मी माल दाखवला. पडदे गडदच हवेत, असं ते दोनदा म्हणाले, म्हणून मी कारण विचारलं. त्यांचं दुःख एकदम बाहेर पडलं. दुपारच्या गाडीत जेवण झालं की लोकांना सगळं सुचतं. एसी वाढवा, एसी कमी करा, गाडी थांबवा, शेजारचा कोपर लावतो. मारामारीचा सिनेमा लावला की अख्खी गाडी जागी. "आणि जागा प्रवासी म्हणजे डोक्याला ताप, ताई. झोपलेल्यासारखं गिऱ्हाईक नाही." मी म्हणाले, माझ्याकडे एक सिनेमा आहे. आणि सवयीप्रमाणे डागावर बोट ठेवलं. मध्यंतरानंतर डोळा लागतो, म्हणाले.

बसवाल्यांनी हातातलं कापड खाली ठेवलं. "खात्री देता?"

"खात्री नाही, अनुभव आहे."

बाबा आतून ताग्यामागूनच म्हणाले, "लेखी घे." ती मुदत सोडली तर गेल्या सहा महिन्यांत माझ्या सिनेमाबद्दल ते बोललेले हे पहिले दोन शब्द. मग बाहेर येऊन त्यांनी बसवाल्यांचं कापड कापलं आणि वीतभर जास्त दिलं.

एका गाडीत लावून बघायचं ठरलं. मी स्वतः तिकीट काढून शेवटून दुसऱ्या रांगेत बसले. आत्या, काय सांगू तुला! तू कपड्यांच्या घड्या घालायला लागलीस तशा माना कलल्या. तू भांडी कागदात गुंडाळलीस तोवर उजवी बाजू संपूर्ण गेली. जिन्यावरचा तो लांब शॉट, ज्याच्यासाठी आपण तीन संध्याकाळी उन्हाची वाट पाहिली, त्याने कंडक्टरलाही झोपवलं. माझ्या सिनेमासमोर इतकी माणसं इतका वेळ बसलेली मी जन्मात पहिल्यांदा पाहिली. (एक किरकोळ अपवाद सोडून, सगळी झोपलेली.) उतरताना सगळ्यांचे चेहरे ताजे होते. बसवाले खूश झाले. बाराही गाड्यांत, वर्षभरासाठी, दरमहा दर गाडीमागे ठरलेली रक्कम. हिशेब करून पाहिला, दुसऱ्या सिनेमाची सुरुवात करता येईल एवढा आकडा होतो. माणसाला हलवून जागं करावं म्हणून मी सिनेमा काढला आणि तो विकला गेला अंगाईच्या भावात. पण विकला गेला. शिबिरातल्या सरांना कळवलं तर त्यांनी पुढच्या शिबिरात माझं उदाहरण द्यायची परवानगी मागितली. त्याचे पैसे मिळणार नाहीत.

तेव्हा शेजारणींना तारीख सांगायला हरकत नाही. पुढच्या एक तारखेपासून, दुपारच्या गाडीत. तिकीट काढावं लागेल, आणि बरंच लांब जावं लागेल.

आतोबांना नमस्कार सांग, गुडघ्याला शेक द्यायला सांग आणि स्वतःचं औषध स्वतः पी.

तुझी भाची

ता. क. एक बारीकशी गोष्ट लिहायची राहिली. करारावर सही व्हायच्या आधी बसवाल्यांची एकच अट आहे. शेवटाकडे तू कपाट उघडून रिकाम्या खोलीवर ओरडतेस, तेवढा प्रसंग काढायचा. बाकी सिनेमाला ते हात लावत नाहीत, तसे मनाने दिलदार आहेत. प्रसंग जेमतेम चार मिनिटांचा आहे आणि काढला तर कथेला काही होत नाही. बाई घर आवरते, कुलूप लावते, जाते. मी तसा कापून पाहिला. कुठे जोड दिसत नाही. तुझी परवानगी हवी आहे. उलट टपाली कळवावे.

ता. क. दुसरा. जेमतेम चार मिनिटं असं वर लिहिलं ते पुन्हा वाचलं आणि लाज वाटली. मी तिथे दोनच वाक्यं लिहिली होती, "घेऊन जा सगळं. मला काही नको." तू ती म्हणालीस आणि थांबली नाहीस, आणि मी 'कट' म्हणायचं विसरले. "तीस वर्षं मी या घरात हळू आवाजात बोलले" हे माझ्या कागदावर कुठेच नव्हतं. ते कुठून आलं हे मी तेव्हा विचारलं नाही, आताही विचारत नाही. घरी सिनेमा लावून दाखवला तेव्हा बाबा तो प्रसंग सुरू झाला तसे पाणी प्यायला उठले आणि संपेपर्यंत पाणीच पीत राहिले. आतोबांनी तो अजून पाहिलेला नाही. कापला तर पाहणारही नाहीत. हा शेवटचा मुद्दा तुझ्या सोयीसाठी मांडला आहे, माझ्या नव्हे. (दोघींच्या.)

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं याच्यासाठीच आहे. त्या गाडीत तुझ्या ओरडण्याने एक बाई जागी झाली. माझ्याच पुढच्या सीटवर होती, मांडीवर पर्स, तोंड उघडं. दचकून उठली आणि पडद्याकडे बघत राहिली. शेवटपर्यंत. तू कुलूप लावलंस तेव्हा ती उठून पुढे गेली, तिने कंडक्टरला हलवून उठवलं आणि हा पुन्हा पहिल्यापासून लावा म्हणाली. तो म्हणाला, आता उतरायची वेळ झाली, बसून घ्या. ती भांडली. "अर्ध्यात उठवता आणि सुरुवात दाखवत नाही, ही काय पद्धत झाली?" उतरल्यावर तिने ऑफिसात जाऊन तक्रारही केली. बसवाल्यांकडे ती 'प्रवाशाची झोपमोड' एवढीच पोचली, त्यातून ही अट निघाली. मी तिच्या मागे उभी होते. सिनेमा माझा आहे हे सांगायला तोंड उघडलं, पण कोणीतरी बॅग मागितली आणि ती निघून गेली.

तेव्हा परवानगी दे असं वर लिहिलं आहे ते वाचू नकोस. तू 'हो' म्हणशील, मला माहीत आहे. पोरीचं भलं होतंय म्हणून लगेच म्हणशील, आणि तू म्हणालीस की मला करावंच लागेल, कारण तू मोठी आहेस आणि प्रसंग तुझा आहे. मला स्वतःला 'नाही' म्हणता येत नाहीये, बारा गाड्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. म्हणून तू म्हण. एका ओळीत लिही आणि रागाने लिही. कारण तू गोड शब्दांत लिहिलेलं 'नाही' बाबा 'हो' असंच वाचतील, आणि या वेळी मीही तसंच वाचेन.