साहेबीण व्याली

खालचं गाव, जेजू बेट
१४ ऑक्टोबर १९७४

ती. सुन्रेताईस,
दाल्सूचा सा. न. वि. वि.

ताई, आधी खाली बस. बुटांच्या मशीनवर असशील तर मशीन बंद कर. बसलीस? साहेबीण व्याली.

हो, आपलीच साहेबीण. तुझ्या लग्नात कापायची म्हणून जिला दोन वर्षं रताळ्याचे वेल, जवाचा कोंडा आणि घरातल्या सगळ्यांच्या पोटातलं घालून वाढवली, तीच. काल सकाळी मी नेहमीसारखा संडासाच्या दगडांवर जाऊन बसलो. खालून एरवी एक आवाज येतो, काल आठ आले. मी उठलो कसा आणि विजार कुठे बांधली ते विचारू नकोस. संडासाखालच्या डुकरांच्या वाडग्यात वाकून बघतो तर सात पिल्लं, कोळशासारखी काळी, ओळीने लुचताहेत. साहेबीण माझ्याकडे असं बघत होती की जणू मीच तिच्या घरात न सांगता आलोय.

आईला हाक मारली. ती आली, दगडी भिंतीवरून वाकली, डोक्याचा रुमाल सोडला आणि तिथेच मटकन बसली. सगळ्या गावाला वाटत होतं की डुकरीण अंगाने सुटलीय. मीच सांगत फिरायचो, बघा कशी तब्येत केलीय म्हणून. चुसोकच्या सणाला यांगकाका आले होते. लग्नात मांस कापून वाटायचा मान त्यांचा, म्हणून पाठीवर हात फिरवून बघून गेले, फोडी झकास पडतील म्हणाले. काल ते पुन्हा आले, पिल्लं बघितली आणि सुरी फडक्यात गुंडाळून ठेवली. पिल्लाला पाजणारी आई लग्नात कापली तर मांसाला दुधाचा वास येतो आणि नवरीच्या कपाळी काय येईल ते सांगता येत नाही, असं म्हणाले. आपण नाही कापणार.

आता कसं व्हायचं? डुकराशिवाय जेजूत लग्न लागलंय का कधी? पाहुण्यांच्या ताटलीत तीन फोडी मांस, एक भरलेलं आतडं आणि टोफूचा तुकडा पडला नाही तर बाई माहेरच्या नावाने आयुष्यभर टोमणे खाते. दोन महिन्यांवर दिवस आलाय. आमंत्रणं गेलीत. ओसाकाच्या मावशीने बोटीचं तिकीटही काढलंय.

आणि खरा घोटाळा पुढेच आहे. सगळं गाव म्हणतंय हे दाल्सूचं काम. गेल्या वर्षी सरपंच आपल्याकडे परसाकडला बसले असताना मी खालून बोरूच्या काडीने गुदगुल्या केल्या होत्या ना, तेव्हापासून गावात कोंबडी आजारी पडली तरी माझ्याकडे बघतात. म्हणे मी गंमत म्हणून कुणाचा तरी नर भिंतीवरून आत सोडला. आईने मला भोपळ्याने हाणला, समुद्रात बुड्या मारून शिंपले काढताना ज्याला धरून तरंगते त्याच भोपळ्याने. बाबांची शपथ ताई, मी नाही केलं. आयुष्यात पहिल्यांदा मी नाही केलंय आणि पहिल्यांदाच मार बसलाय.

तू आईला दोन ओळी लिही. लोभ असावा, नसला तर निदान साक्ष तरी असावी.
तुझा निर्दोष भाऊ,
दाल्सू

पुसान
२२ ऑक्टोबर १९७४

चि. दाल्सूस,
ताईचे अनेक आ.

पत्र मशीनवरच वाचलं. सुई बुटाच्या टाचेतून आरपार गेली आणि मुकादम माझ्यावर खेकसला. असं कसं झालं रे?

झालं ते झालं. वाडग्यातला पेंढा रोज बदल, आता वारा फिरेल. सगळ्यांत लहान पिल्लू पुढच्या सडाला लावत जा, तिथे दूध जास्त असतं. साहेबिणीला शिंपल्यांचं पाणी गरम करून घाल. एकही पिल्लू विकू देऊ नकोस, कितीही चांगलं गिऱ्हाईक आलं तरी. आणि नर असतील ते कुणाला खच्ची करू देऊ नकोस, हे नीट ध्यानात ठेव.

लग्न आता वसंतात ढकलावं लागेल, असं आईला हळूच सुचवून बघ. ती काय म्हणते ते लगेच कळव. तिला मी सवडीने लिहीन. मार बसला त्याचं वाईट वाटलं, पण तुझ्या आजवरच्या उधारीत तो वळता करून घे.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
सुन्रेताई

खालचं गाव
३ नोव्हेंबर १९७४

ती. ताईस,
सा. न. वि. वि. नमस्कार यावेळी जरा लांबूनच करतोय, कारण तुझी भीती वाटायला लागलीय.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. गावात ज्याला ज्याला कळलं त्याने पहिलं हेच विचारलं की नर कुणाचा? यांगकाकांनी विचारलं, सरपंचांनी विचारलं, शेजारच्या बहिऱ्या म्हाताऱ्यानेही खुणेने विचारलं. एकट्या तूच नाही विचारलंस. मी तेव्हाच कान टवकारले होते, पण काल जे झालं ते माझ्या डोक्यातही आलं नसतं.

काल दुपारी आई समुद्रावरून येऊन ओले कपडे पिळत होती. फाटकातून एक उंच पोरगा आत आला, पाठीला रिकामी टोपली. वाकून नमस्कार केला आणि म्हणाला की मी वरच्या गावचा बू तैगिल, माझं पिल्लू निवडायला आलोय. नेईन दूध सुटल्यावर.

ताई, तुझा नवरा. लग्नाआधी. तोही टोपली घेऊन.

नर ज्याचा त्याला विणीतलं पसंतीचं एक पिल्लू, हा रिवाज आईला कुणी शिकवायला नको. तिच्या हातातले कपडे खाली पडले. डुकरीण तुमच्याकडे कुणी आणली होती, असं तिने विचारलं. त्याचे कान खेकड्यासारखे लाल झाले. मान खाली घालून म्हणाला, "जिचं लग्न आहे तिनेच आणली, मावशी."

मी भिंतीवर बसलो होतो, तिथून खाली पडलो. हे खरोखर सांगतोय, कोपर सोललंय.

मग तो सगळं भडाभडा बोलला. तालुक्याचे साहेब वरच्या गावात पांढरी विलायती डुकरं वाटताहेत, आणि हिवाळ्यात उरलेले काळे नर खच्ची करायला माणूस येणार आहे. आजूबाजूच्या गावांत तसा नर त्याचा एकच उरलाय. साहेबीण लग्नात कापली तर तीन दिवसांत खाऊन संपेल, तिची पिल्लं ठेवली तर वरच्या खडकाळ शेतात तुमचं दोघांचं घर उभं राहील, असं म्हणाला. लग्न वसंतात करू म्हणाला. बोलतो चांगलं. पिल्लूही सगळ्यांत लहान निवडलं, मोठी तुमच्याकडेच राहू द्या म्हणाला. मला तरी तो आवडला. पण मला कोण विचारतंय?

आईने भोपळा उचलला, जाळी उचलली आणि पुन्हा समुद्रावर गेली. नुकतीच तर आली होती, लाटाही उसळत होत्या. संध्याकाळी आली तेव्हा डोळे लाल होते. म्हणाली की मी जबान दिलीय, ही सोयरीक ठेवायची की मोडायची ते आता मीच ठरवीन. मला पुढे काही विचारायची छाती झाली नाही.

ताई, आता तूच लिही, आणि तिलाच लिही. लोभ ठेव, पण यापुढे मला आधी सांगून.
तुझा,
दाल्सू

पुसान
९ नोव्हेंबर १९७४

ती. आईस,
सुन्रेचा सा. न. वि. वि. दाल्सू, हे मोठ्याने वाच आणि मध्ये तुझं काही घालू नकोस.

आई, जवाच्या सुगीला मी घरी आले होते तेव्हा मध्यस्थीणबाईंनी ठरवलेला मुलगा मी फोटोतच पाहिला होता. नवरी मुलीला मुलगा बघायला जाता येत नाही. डुकरीण घेऊन गेलं तर जाता येतं, कुणी काही म्हणत नाही. साहेबीण माजावर होतीच. पहिल्या दिवशी तिला नुसतीच दोर बांधून वर नेली, वाटभर तिने लोकांचे रताळ्याचे वेल खाल्ले, आणि नराला लांबून दाखवून परत आणली. म्हटलं माणूस बघून घेऊ.

माणूस बघितला. त्याने मला बसायलाही सांगितलं नाही. आधी साहेबिणीचा खूर उचलून त्यात रुतलेला खडा काढला. मग मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, आणि त्या दिवशी ठरवून गेले. डुकरांना वेळ लागतो. तेवढ्या वेळात आम्ही जे बोललो ते तुला त्याने सांगितलंच आहे.

पुसानमध्ये पांढऱ्या डुकराचं मांस मिळतं. चावत राहिलं तरी तोंडात काही येत नाही, भिजलेला कागद खाल्ल्यासारखं वाटतं. मला परत यायचंय आई, आणि येऊन दुसऱ्याचे बूट शिवायचे नाहीत. तुझी मान खाली गेली हे खरं. रागाव, मार, दाल्सूला मारलंस तसा भोपळा मलाही घाल. पण तैगिलला नाही म्हणू नकोस.

तुझा लोभ मागायला तोंड नाही, तरी मागते.
तुझी,
सुन्रे

खालचं गाव
१७ नोव्हेंबर १९७४

चि. सुन्रे हीस,
आईचे अ. उ. आ. (आई सांगतेय, मी लिहितोय. मध्ये घालू नकोस हे तू मला मागच्या पत्रात सांगितलं होतंस, या पत्रात नाही. – दाल्सू)

पत्र पोचलं. लग्न वसंतात होणार नाही. ठरल्या दिवशीच होईल. ओसाकाची मावशी समुद्र ओलांडून येणार ती काय आपली तोंडं बघायला?

डुकराची सोय केली आहे. यांगकाकांनी स्वतःच्या साठीच्या जेवणासाठी एक खच्ची केलेला काळा डुक्कर पाळला होता, तो ते लग्नाला देताहेत. बदल्यात दूध सुटल्यावर आपली दोन पिल्लं त्यांच्याकडे जातील. साठीचं मांस एकसष्टीलाही गोड लागतं म्हणाले. एक पिल्लू तैगिलचं. बाकीची चार आणि साहेबीण तुझ्याबरोबर वरच्या गावात येतील. त्यात दोन नर आहेत, त्यांना सुरी लागणार नाही. साहेब विचारायला आले तर म्हणायचं, नवरीची पाठराखीण आहे, तिच्या पोराबाळांना हात लावायचा रिवाज नाही. (असा रिवाज नाहीये. आईने आत्ता जेवताना काढला.)

तैगिलला लग्नात शिक्षा होईल. यांगकाकांना सांगून ठेवलंय, त्याच्या ताटलीतल्या तीन फोडी अशा पातळ कापा की डोळ्यापुढे धरल्या तर आरपार समुद्र दिसावा.

आता तुला एक सांगते. (ताई, इथून पुढचं मीही पहिल्यांदाच ऐकतोय.) सुगीत वाडग्यात दोन दिवस डुकरीण नव्हती आणि घरात तू नव्हतीस. मी चार पोरं जन्माला घातली, चरबी कुठली आणि पोट कुठलं ते मला कळत नाही होय? चुसोकपासून मला ठाऊक होतं. मला वाटलं, हा पोरगा तुला नको आहे आणि तू डुकरिणीच्या आडून लग्न मोडते आहेस. म्हणून गप्प राहिले. म्हटलं, पोरगी आपल्या तोंडाने सांगेल तेव्हा सांगेल. गावात बोभाटा नको, म्हणून पिल्लं बघून मटकन बसून दाखवलं आणि सगळं दाल्सूवर ढकललं. त्याच्याबद्दल काहीही सांगितलं तरी लोकांना खरं वाटतं.

(मी कलम खाली ठेवलं होतं. आईने परत हातात दिलं. म्हणाली लिही, भोपळा फार जोरात नव्हता मारला.)

तू नवऱ्यापासून पळायला गेली नव्हतीस, नवऱ्याकडेच गेली होतीस, हे त्या दिवशी त्याचे लाल कान बघून कळलं. तेव्हा मी लगेच समुद्रावर का गेले असं दाल्सू विचारतोय. इथे हसले असते तर मान गेला असता. पाण्याखाली हसलेलं कुणाला ऐकू जात नाही.

पण तोंडात फार पाणी जातं. (म्हणून डोळे लाल.)

लोभ आहे. आणायला बंदरावर डुकरीण पाठवू का भाऊ, ते कळव.
तुझी आई, व तिच्या हुकमावरून
दाल्सू