पंचांनी दिलेला गुण

सर, हे पत्र मी शाळा सुटल्यावर वर्गातच बसून लिहिते आहे. तुम्ही गेलात त्याला बरीच वर्षं झाली, त्यामुळे पत्ता घालायचा प्रश्नच येत नाही. पण भांडायला समोर माणूस लागतो, आणि या भांडणात तुमच्या जागी दुसरं कोणी चालणार नाही. मी आता खोडाळ्याला शिक्षिका आहे. सकाळी मुलांना गणित शिकवते आणि दुपारनंतर कबड्डी. गणितापेक्षा कबड्डीच बरी शिकवते असं आमचे मुख्याध्यापक म्हणतात, आणि ते काही कौतुकाने म्हणत नाहीत.

माझा एक विद्यार्थी आहे, पोशेऱ्याचा. लहानपणी माझ्या हाताखाली खेळला, मग मोठा होऊन इकडच्या सगळ्या गावस्पर्धा मारत सुटला. गेल्या वर्षी टीव्हीवर दाखवतात त्या मोठ्या कबड्डी स्पर्धेतल्या एका संघाने त्याला घेतलं. आमच्या बाजूचं कोणी तिथवर पोचल्याचं मला तरी ठाऊक नाही. बाजारात त्याचा मोठा फलक लागला, त्यावर त्याच्यापेक्षा पुढाऱ्यांचेच चेहरे मोठे होते. त्याच्या आईला लोक रस्त्यात थांबवून विचारायचे, पोरगा जेवतो का नीट. मग मोसम सुरू झाला आणि आमचा हिरो मॅटवर उभा राहिला, बूट घालून. आयुष्यभर मातीत अनवाणी खेळलेला पोर. पाय जिथं वळायला हवा तिथं वळेना. चढाईला गेला की धरलाच. थोड्याच दिवसांत तो राखीव खेळाडूंत जाऊन बसला. कॅमेरा कधी त्या बाजूला फिरला तर दिसायचा, गुडघ्यांवर हात ठेवून, शिक्षा झाल्यासारखा. शेवटी शेवटी त्याला एकदा खेळायला मिळालं, आणि त्याच सामन्यात ते झालं.

गुण बरोबरीत होते. वेळ संपत आली होती. हा चढाईला गेला, कोपऱ्यातल्या गड्याकडे हात लांबवला आणि रेषेवर परत आला. पंचांनी गुण दिला. त्याचे सोबती नाचायला लागले, समोरचे पंचांशी हुज्जत घालायला लागले. आणि याने मान हलवली. हात हलवून पंचांना सांगितलं, नाही, लागला नाही. गुण काढून घेतला गेला, पुढच्या चढाईत समोरच्यांनी एक गुण नेला आणि सामना गेला. मी घरात एकटीच बघत होते. सर, मी जागची उठले आणि टाळी वाजवली. इतकी मूर्ख मी.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. हॉटेलात पाय ठेवला तर तोच विषय. जीपवाला बाजू घेत होता. "पयला साल असाच जातो. मॅटवर पाय नाय बसत अजून. एक साल दिला पायजे त्याला." हॉटेलवाला भजी काढता काढता म्हणाला, "साल कोन देतो? तिथं पोरांची लाइन लागलीय." कॉलेजातला एक मुलगा मोबाइलवर तोच तुकडा पुन्हा पुन्हा लावून दाखवत होता आणि सांगत होता, याचा हात केवढा लांब आहे बघा, नुसतं वजन वाढवलं तरी पुढच्या वर्षी फाडेल. मला ते ऐकायला बरं वाटत होतं. तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, "वजन नाय, अक्कल वाढवा. पंच गुन देतो नि हा नको म्हनतो. त्याला कोनी इचारला व्हता?" वळून पाहिलं तर आपल्याच आश्रमशाळेतला, माझ्याच वर्गातला, आता तहसीलला कारकून आहे तो. तुमच्या हाताखाली माझ्याच शेजारी उभा राहून खेळलेला. मी म्हटलं, "तू पण हात हलवून नाही म्हणायचास. विसरलास का?" तो हसला. "ते खळ्यावर, बाई. टीव्हीवर नाय चालत." सगळे हसले. जीपवालाही हसला. मी चहा अर्धा टाकून उठले. बाहेर तो फलक कधीच उतरवलेला होता आणि हॉटेलवाल्याने लाकडांवर झाकायला घेतला होता.

तुम्ही घाटावरून आलेले, सर. तुम्ही आलात तेव्हा आम्हाला कबड्डी येत नव्हती असं नाही. दाभोशाकडच्या आमच्या पाड्यांवर भाताची कापणी झाली की मोकळ्या खळ्यावर रोज खेळ चालायचा, आणि त्याला पंच नसायचा. पंच आणायचा कुठून, सगळेच खेळत असायचे. मग ज्याचं त्याने सांगायचं. लागला तर लागला, नाही तर नाही. खोटं बोलणारा पोर दुसऱ्या दिवशी खेळायला यायचा नाही, कारण त्याला कोणी घ्यायचंच नाही. तुम्ही पहिल्यांदा ते पाहिलंत तेव्हा खळ्याच्या बांधावर बसून राहिलात, आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी सांगितलंत की आजपासून शाळेतही असंच खेळायचं, पंचांची शिट्टी वाजली तरी. म्हणजे ती चाल आमचीच होती. तुम्ही तिचा नियम केलात. आणि तुम्ही बाहेरचे, शिकलेले, शर्ट खोचणारे सर होतात, म्हणून आमच्या घरची ती साधी गोष्ट आम्हाला एकदम मोठी वाटायला लागली.

जव्हारच्या मैदानावरचा तो सामना आठवतो. मला गुण मिळाला, मी नाही म्हणाले, आणि आपण हरलो. परत येताना जीपमध्ये मुली माझ्याशी बोलेनात. एकीने तर माझी पिशवी पायाने सरकवली. शाळेत पोचल्यावर तुम्ही सरळ स्वयंपाकघरात गेलात. चुलीवर भाताचं मोठं पातेलं होतं. तुम्ही स्वयंपाकाच्या मावशींना म्हणालात, "आज खरवड हिची." तळाला लागलेल्या त्या करपट भातासाठी आमच्यात रोज मारामाऱ्या व्हायच्या. मावशी पातेलं खरवडतायत, तुम्ही दाराशी उभे आहात, आणि मी ताटली धरून उभी आहे, रडू आवरत. मीठ लावून खाल्ली ती. पुढे किती ठिकाणी जेवले, मानाची पानंही वाढली गेली, पण तेवढं पोट कधी भरलं नाही.

आणि मग ठाणं. त्या सामन्यातून राज्याच्या संघासाठी मुली निवडणार होते. निवडणारे खुर्च्यांवर बसलेले, तुम्ही नवा शर्ट घातलेला. शेवटच्या मिनिटांत माझी चढाई, पंचांनी मला गुण दिला, आणि मी हात हलवला. मला वाटलं तुम्ही मान डोलावाल. मी तुमच्याकडेच बघत होते. तुम्ही रेषेपर्यंत चालत आलात आणि अगदी हळू, बाकी कोणाला ऐकू जाणार नाही असं म्हणालात, "तुला कोणी विचारलं होतं?" ओरडला असतात तरी चाललं असतं. मारलं असतंत तरी. मी तिथंच उभी राहिले, पुढचा खेळ मला दिसलाच नाही. आपण हरलो, माझी निवड झाली नाही, आणि परतीच्या वाटेत तुम्ही पुढच्या सीटवर बसून एकदाही मागे पाहिलं नाहीत. उन्हाळ्यात तुमची शहरातल्या शाळेत बदली झाली. तुम्हीच मागून घेतली होतीत, हे नंतर कळलं. निरोप घ्यायला तुम्ही सगळ्या वर्गांत आलात, आमच्या वर्गात आलात तेव्हा फळ्याकडे बघून बोललात.

त्यानंतर एकदाच भेट झाली, जव्हारच्या एसटी स्टँडवर. तुमचे केस पिकले होते. तुम्ही विचारलंत, काय करतेस. मी म्हटलं, शिक्षिका व्हायचं शिकतेय. "छान," म्हणालात. मला विचारायचं होतं, सर, त्या दोघांतले तुम्ही कोणते, खरवडवाले की ठाण्यातले? पण तुमची गाडी लागली. तुम्ही गेल्याचं मला बाजारात कोणीतरी सांगितलं, मी भाजी घेत होते, ती घेऊन घरी आले. रडले नाही. तुमच्या घरी भेटायलाही गेले नाही. फसवून गेलेल्या माणसाच्या घरी कशाला जायचं, असं तेव्हा वाटलं होतं, आणि आजही वाटतं. तरीसुद्धा नोकरी लागल्यावर मी मुलांना शिकवलं ते तुमचंच, आणि ठाण्यापूर्वीचं. हे मी कोणाच्या जिवावर केलं, देव जाणे. पोशेऱ्याच्या त्या पोरालाही तेच शिकवलं.

मागच्या आठवड्यात त्याच्या संघाच्या प्रशिक्षकांचा मला फोन आला. माणूस सभ्य होता, मराठीच होता. म्हणाला, "मॅडम, पोरात दम आहे. अजून एक वर्ष ठेवायचा विचार चाललाय. पण त्या दिवशीसारखं पुन्हा झालं तर मला त्याच्यासाठी भांडता येणार नाही. मैदानावर पंच आहेत, कॅमेरे आहेत, त्यांचं काम त्यांना करू दे. तो म्हणतो, शाळेतल्या मॅडमनी शिकवलंय. तेव्हा तुम्हीच समजवा." पोराने घरी परत आल्यापासून कोणाशी धड बोलणं टाकलं होतं. त्याची आई मला भेटून गेली होती, म्हणत होती, "परत नाय बोलावला तर वीटभट्टीवर जाईन म्हनतो." म्हणजे त्याचं पुढचं सगळं आता माझ्या एका वाक्यावर येऊन बसलं होतं.

मी रविवारी जीपने पोशेऱ्याला गेले. तो शेतात होता. राब भाजायची तयारी चालली होती, रोपांसाठीच्या वाफ्यावर तो पालापाचोळा आणि काटक्या पसरत होता, आई वरून माती टाकत होती. मला पाहून त्याने हात पुसले आणि पाया पडला. मी उभ्याउभ्याच बोलले, बसले असते तर बोलणं झालं नसतं. म्हटलं, "पुढच्या वेळी पंच गुण देतील तो घ्यायचा. नाही म्हणायचं नाही. खेळायचं आणि गप्प राहायचं." जीपमधून येताना मी त्याची सगळी उत्तरं जुळवून ठेवली होती. मॅडम, तुम्हीच तर शिकवलंत. मॅडम, लागलाच नव्हता तर घेऊ कसा. मग मी चिडणार होते, तो हट्टाला पेटणार होता, आणि मी हात टेकून परत येणार होते.

तो म्हणाला, "बरं, मॅडम."

मी विचारलं, "जमेल?" तो म्हणाला, "जमंल. तिथं सगलेच तसा करतात. मलाच कोनी सांगला नव्हता." आणि खाली वाकून पुन्हा पाला पसरायला लागला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट ओझं उतरल्यासारखा दिसत होता. आईने माझ्यासाठी चहा टाकला, तोही मी प्यायले, आणि ती मला सारखी म्हणत होती, बाई, तुमचे लय उपकार झाले.

सर, ठाण्याला रेषेवर बोलून झाल्यावर तुम्ही थोडा वेळ तसेच उभे होतात. मी उलट काही बोलेन म्हणून थांबला होतात का? तसं असेल तर सांगायचं होतंत. मी पोर होते, मला काय कळणार होतं. हे विचारायला आता उशीर झाला आहे आणि तुम्हाला माफ करायचीही मला घाई नाही. हे पत्र मी कपाटातसुद्धा ठेवणार नाही. पण एवढं एक तुम्हालाच सांगता येतं, इथं ऐकायला कोणी नाही. मी त्या पोराला समजवायला गेले होते, हे खरं. त्याने माझं ऐकू नये म्हणून गेले होते.