उजव्या बाजूचा गरुड

मिरज,
१० डिसेंबर १९७८

प्रिय लाला,

तुझा पत्ता अंजनाताईकडून मिळवला. तिच्यावर रागावू नकोस. दर भाऊबिजेला तुझं कार्ड तिच्याकडे फलटणला येतं, हे तिनं सात वर्षं कुणाला कळू दिलं नव्हतं. मीच तिच्या ओट्यावर अर्धा दिवस ठिय्या मारून बसलो, तेव्हा तिनं ट्रंकेच्या तळातून कार्ड काढून दाखवलं. इंदूरला गिरणीत आहेस, एकटा राहतोस आणि साधी सायकलसुद्धा चालवत नाहीस, एवढं तिच्याकडून समजलं. मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. खरं तर ती पहिल्याच ओळीत यायला हवी होती, पण तसे चार कागद फाडून झाले. आता ठरवलं, जशी येईल तशी येऊ दे. फक्त पत्र अर्ध्यावर टाकू नकोस.

दसऱ्यानंतर तुझे आबा मिरजेला आले होते. टेंपोत तुझी फटफटी घालून. मी दुकानाच्या पाट्या वाळत टाकत होतो, वर बघतो तर फेटा, काठी आणि मागं ताडपत्रीखाली ती. सात वर्षं गोठ्यात कडब्याआड पडून तिची पार रया गेली होती. चाकं गंजलेली, सीटमध्ये उंदरांची घरं, टाकीवर गुरांच्या शेणाचे शिंतोडे. आबा म्हणाले, हिला पहिल्यासारखी करायची आहे. इंजिनाचं काम सांगलीच्या केरबा मिस्त्रीकडे आणि टाकीवरचे गरुड माझ्याकडे. कशासाठी, कुणासाठी, हे मी विचारलं नाही. तुझं नाव घरात कुणी घेत नाही हे मला माहीत होतं. चहा पिऊन झाल्यावर तेच बशीकडे बघत म्हणाले, "उभी तरी ऱ्हाऊ दे दारात. कुणी आलं तर चालवंल." कुणी म्हणजे कोण, ते दोघांनाही कळत होतं. आपल्या सैन्यातल्या तीन पट्ट्यांचा तोरा मिरवणारा माणूस, पण एवढं बोलून माझ्याकडे न बघताच टेंपोत जाऊन बसला.

आबांचं तुला मी काय सांगावं? लढाईत त्यांनी याच जातीच्या गाडीवरून डाक वाहिली आणि पुढं लष्कराच्या लिलावात ही घेतली. आमच्या वस्तीतल्या पोराला त्या काळात स्वतःच्या दोन पोरांमध्ये पाटावर बसवून जेवू घालणारा तो एकच माणूस होता गावात. माझं चित्र बघून मला मिरजेला तंबोऱ्याच्या कारखान्यात नक्षी शिकायला धाडलं तेही त्यांनीच. नाहीतर मी आज कुणाच्या तरी बांधावर असतो. म्हणूनच हे लिहायला हात चालत नाही, लाला.

एकाहत्तरची दिवाळी आठव. आबांनी गाडी तुझ्या नावावर केली होती आणि तुझा पाय जमिनीवर ठरत नव्हता. टाकीवरचे गरुड पुसट झाले होते, ते मी पाडव्याला काढून द्यायचे असं ठरलं. आबांच्या जुन्या पुस्तकातलं चित्र घेऊन मी कागदावर खाका केला, रेघेरेघेवर सुईनं भोकं पाडली, खडूच्या भुकटीची पुरचुंडी त्यावरून फिरवून टाकीवर ठिपके उमटवले. डावीकडचा गरुड पुढं बघणारा. मग खाका उलटा करून उजवीकडचा, तोही पुढं बघणारा. तू येताजाता म्हणायचास, ही कोंबडी कधी अंडी घालणार? आणि सयाजी, तुझा धाकटा, पलटणीत भरती झाल्याचा कागद खिशात घालून माझ्यासमोर उकिडवा बसला होता. मला डोळा काढू दे म्हणून दिवसभर मागं लागला. शेवटी उजव्या बाजूच्या गरुडाचा डोळा त्यानं काडेपेटीच्या काडीनं टेकवला. मोठाच झाला. तो गरुड दचकल्यासारखा दिसायला लागला आणि आपण तिघं हसून हसून लोळलो.

एक गोष्ट मात्र तुला कदाचित आठवत नसेल. मी तंबोऱ्याचा माणूस. भोपळा मांडीवर घेतल्याशिवाय माझ्या हाताला रेघ येत नाही. गाडीवर वाकून काढायला मला जमेना, म्हणून मी टाकी सोडवून मांडीवर घेतली होती. दिवे लागायच्या वेळी काम झालं. तू पेट्रोल आणायला साताऱ्यात गेला होतास. तू येईपर्यंत गाडी सजवून दारात उभी करावी, तुझा चेहरा बघावा, अशी मला हौस आली. टाकी मीच बसवली. चार बोल्ट मीच आवळले. त्या वेळी माझ्या बोटांना पिवळा रंग होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही दोघं कासला निघालात. पुढचं तुला मी सांगायचं कारण नाही. यवतेश्वराच्या घाटातलं ते काटकोनातलं वळण, कठड्याचे फुटलेले दगड, आणि खाली दरीत सयाजी. तू हात प्लास्टरमध्ये घालून दवाखान्यातून आलास ते एकच बोलत होतास, की रेस कमी होत नव्हती, मूठ सोडली तरी गाडी ओढतच होती. पंचनाम्यात भरधाव वेग असं लिहिलं गेलं. गावानं तेच म्हटलं. आबांनी तुझ्याकडे पाठ फिरवली ती कायमचीच. आणि मी काय केलं? आबांनी मला सगळ्यांदेखत विचारलं, पोरगा गाडी कशी चालवायचा? मी म्हणालो, जोरात चालवायचा. खोटं नव्हतं ते. पण मी ते बोललो तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस, आणि चौदाव्या दिवशी पहाटे गाव सोडलंस. ती तुझी नजर घेऊन मी सात वर्षं पाट्या रंगवतोय. दोस्तानं खरं सांगितलं म्हणून तू दुखावलास, अशी मी मनाची समजूत घालत आलो.

गेल्या मंगळवारी केरबा मिस्त्रीचा निरोप आला, टाकी घेऊन जा. मी गेलो. माझ्यासमोरच त्यानं टाकी उचलली आणि हात थांबवला. मुठीपासून रेसची केबल टाकीखालून इंजिनाकडे जाते. ती टाकी आणि खालच्या लोखंडाच्या मध्ये सापडून चपटी झाली होती. केरबानं टाकी परत जागेवर टेकवली आणि हँडल सरळ धरलं, काही नाही. थोडं वळवलं, काही नाही. पूर्ण वळवलं, तशी केबल ताणली गेली आणि मुठीला हात न लावता इंजिनाकडची रेस उघडली. त्यानं दोनदा करून दाखवलं. म्हणाला, सपाटीला कळायचं नाही, पण घाटात जीव घेईल. ही टाकी कुणी बसवली होती? मी म्हणालो, ठाऊक नाही. तो दिव्यासाठी आत गेला तेव्हा मी वाकून बघितलं. चपट्या झालेल्या जागेशेजारी केबलवर पिवळ्या रंगाचं बोट उठलं होतं. अंगठा. त्याच्या रेषासुद्धा स्पष्ट होत्या. सात वर्षांत त्याला ना ऊन लागलं होतं ना पाणी.

तीन दिवस मी कुणाला बोललो नाही. वाटलं, केबल बदलेल, टाकी रंगेल, कुणाला कळणार आहे? सयाजी काही परत येत नाही. डावीकडचा गरुड मी रंगवलासुद्धा, आजवर काढलेल्यात तो सगळ्यात चांगला झालाय. मग टाकी मांडीवर फिरवली आणि उजवा समोर आला. सगळा उडालाय, पंखांच्या जागी नुसता पत्रा दिसतो, पण सयाजीनं टेकवलेला तो डोळा तेवढा शाबूत आहे. रंग जाड बसला होता ना. त्याच्यावरून मला कुंचला फिरवता येईना. मी तसाच उठलो आणि साताऱ्याची एसटी धरली.

आबा ओसरीवर एकटे होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. मला वाटलं होतं काठी उचलतील. मला ती हवीच होती. ते उठून गोठ्यातल्या रिकाम्या जागेपाशी जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "सात वर्सं माजं पोरगं खरं सांगत हुतं, धोंडिबा. आन् म्या बापानं ऐकलं न्हाई." मी पाय धरायला वाकलो तर त्यांनी पाय मागं घेतले आणि म्हणाले, "माजं ऱ्हाऊ दे. त्येला कळव आदी. आज कळव." म्हणून हे पत्र. तू मला माफ करावंस असं मी लिहिणार नाही, ते मागायला तोंड नाही. केबल केरबाकडून मागून घेतली आहे, ती तू सांगशील त्याला दाखवीन, गावाला, पोलिसांना, कुणालाही. उजवा गरुड तसाच ठेवला आहे. त्याचं काय करायचं ते तू ठरव. आबांची तब्येत बरी नाही, रोज एसटीच्या वेळेला ते फाट्यावर जाऊन बसतात असं शेजारच्या काकी सांगत होत्या. तू त्यांच्यासाठी ये. मी समोर नको असेन तर मी गावात येणार नाही. पण जे त्या दिवशी सगळ्यांदेखत बोलायला हवं होतं ते आज लिहितो. तुझं खरं होतं, लाला. रेस कमी होत नव्हती.

म्हणवून घ्यायचा हक्क उरला नसला तरी तुझाच,
धोंडिराम