दोघींची कंपनी

३ मार्च, सोमवार

वन्संना कंपनी काढायचीय! खासगी मर्यादित! दोन शिलाई मशीन, एक कापायचं टेबल, रिंगा ठोकायला अर्धा दिवस येणारी एक बाई — आणि म्हणे कंपनी. पडदे शिवतो आम्ही, जहाजं बांधत नाही.

निमित्त नव्या हॉटेलवाल्यांचं. मोठं काम द्यायचंय, पण त्यांच्या माणसाने विचारलं, "तुमची फर्म कोणत्या प्रकारची?" मी म्हटलं, पडद्यांची. तो हसला नाही. एकोणीस वर्षं दारावरच्या पाटीवर भागलं, आता प्रकार लागतो!

ह्यांना सांगितलं, तर वर्तमानपत्रातून डोकं न काढता — "ताईच्या मनात आलंय ना? मग होणारच." या घरात थोरली बहीण म्हणजे देवाच्या खालची पायरी. कधीकधी वरचीही.

५ मार्च

सल्लागाराकडे गेलो. चौथा मजला, लिफ्ट बंद. खिडकीला पडदा नाही — प्लास्टिकच्या पट्ट्या, त्यातल्या तीन तुटक्या. अशा माणसाकडून आम्ही अक्कल घेणार!

मी त्याचं नाव 'तत्त्वतः' ठेवलंय. प्रत्येक वाक्य तिथूनच सुरू होतं. कागदावर तीन चौकोन काढले. "तत्त्वतः, एकटीची मालकी म्हणजे धंदा आणि तुम्ही एकच. भागीदारीत दोघी, आणि एकीच्या सहीने दुसरीही बांधली जाते. कंपनी मात्र तत्त्वतः एक स्वतंत्र व्यक्ती."

"मग ती सुई ओवेल का?" मी विचारलं.

वन्संनी टेबलाखालून पाय दाबला.

मला भागीदारी पटली. एक करारपत्र, दोन सह्या, संपलं. वन्सं तिसऱ्या चौकोनावर बोट ठेवून बसलेल्या. मग मला खाली पाठवलं, झेरॉक्स काढायला. चार मजले उतरून चढून आले, तर दोघं गप्प. मी काय दुधखुळी आहे?

९ मार्च

आज सरळच विचारलं. "वन्सं, भागीदारीत वाईट काय?"

"काही नाही."

"मग?"

"मला नकोय."

हे काय उत्तर झालं! आणि लगेच अस्तराचं कापड उलगडत बसल्या. खरं कारण कळतं मला. कार्डावर 'संचालक' छापायचंय! बावन्नाव्या वर्षी हौस!

१२ मार्च

कंपनीच्या नावावरून तीन दिवस गेले. पहिली तीन नावं आधीच कुणीतरी घेतलेली. जगात पडदेवाले इतके, मग लोकांच्या खिडक्या उघड्या कशा?

शेवटी वन्सं म्हणाल्या, "तुझंच नाव घालू."

माझं! मी टक लावून बघितलं. गळाला लावलेला गोळा मासाही ओळखतो. नाही म्हटलं नाही, पण सावध राहायचं ठरवलं.

१८ मार्च

वाटे ठरवायचे होते. वन्सं मोठा वाटा मागणार, खात्रीच होती. भांडी घासताना भाषण पाठ केलं — कापणी कोणाची, गिऱ्हाइकांची बोलणी कोण खातं, वगैरे. त्या म्हणाल्या, "निम्मे-निम्मे."

भाषण वाया गेलं. नीट भांडूही देत नाहीत.

२४ मार्च

हॉटेलात मापं घ्यायला मला एकटीला पाठवलं. एकवीस खिडक्या! वन्सं म्हणाल्या, "तुला जमतं. त्या माणसाशी भावही तूच ठरव." स्वतः दुकानात, पंख्याखाली. अजून कंपनी झाली नाही, तर एवढा रुबाब!

शिडीवर उभी राहून ठरवला भाव. बरा ठरला.

२ एप्रिल

कंपनी झाली. अठरा ठिकाणी सह्या करून माझी सही आता माझीच वाटत नाही. 'तत्त्वतः'ने दोन्ही हातांनी प्रमाणपत्र दिलं, जणू बाळंतिणीच्या हातात मूल देतोय.

वन्संच्या डोळ्यांत पाणी! सरकारी कागद बघून! मी म्हटलं, "वन्सं, पुसा, शाई फुटेल." त्या हसल्या, आणि माझा हात धरला. बराच वेळ सोडला नाही. लाज वाटली मला, माणसं बघत होती.

३ एप्रिल

कार्डं छापून आली. माझ्या नावाखाली 'संचालक'. त्यांनी स्वतःची छापलीच नाहीत. विसरल्या म्हणे! एवढ्या हौसेची बाई, आणि विसरली?

७ एप्रिल

वन्सं जातायत. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या नाट्यगृहात, पडदे-पोशाख शिवायच्या खात्यात नोकरी. फेब्रुवारीतच पत्र आलेलं. "जन्म भावाच्या घरात गेला गं वहिनी. आता थोडी माझ्या घरात राहते." खोलीही बघून ठेवलीय. मग म्हणाल्या, "भागीदारी असती तर मी निघाले की मोडली असती. हॉटेलचं कामही गेलं असतं. कंपनी मोडत नाही." शेअर माझ्या नावावर करायचा फॉर्म पुढे ठेवला. सगळे, एक सोडून. एक का, विचारलं. "वर्षातून एक सभा घ्यावीच लागते, आणि मला बोलवावंच लागतं. कायदाच आहे तसा."

मी विचारलं, दोन घेतल्या तर चालतं का?