सुती दोरी कुणाची

प्रिय दमू,

इकडे थंडी वाढली आहे. आईचे गुडघे दुखतात, पण ती ऐकत नाही, पहाटेच उठते. गेले आठ दिवस तुझा फोन आला की मी तो तिच्याच हातात देतो, हे तुझ्या ध्यानात आलं असेल. मला काही झालेलं नाही. तुझ्याशी बोलायला तोंड नव्हतं.

आमच्या जिनिंग मिलमधली सुती दोरीची गोष्ट तुला पाठ आहे. सूतगिरणीनं आमच्या रुईच्या गाठी परत पाठवल्या होत्या. कापड रंगवल्यावर त्यावर पांढरे ठिपके उमटायचे. कारण गोण्या शिवायची प्लास्टिकची सुतळी. गोणी कापली की तिचे तुकडे कापसात पडत आणि त्यावर रंग चढत नसे. आम्ही चाळीस बाया धागे वेचायला बसवल्या, तरी ठिपके थांबेनात. मग मी उपाय काढला, गाठी परत येणं थांबलं, आणि दोन हजार चार साली मिलला गुणवत्तेचा पुरस्कार मिळाला. एवढंच मी तुला सांगत आलो.

त्या चाळीस बायांमध्ये बाजारहत्नूरकडची एक सोजरबाई होती. दिवाळी ते होळी कामाला यायची. तिला लिहिता येत नव्हतं. एका दुपारी वजनकाट्यापाशी मला थांबवून म्हणाली, "साहेब, हे येचत बसन्यापरीस गोनीचं तोंडच सुती दोरीनं बांधाले सांगा शेतकऱ्याइले. तुटून पडली तरी कापसात कापूसच पडन." पदरात बांधून तिनं वाया गेलेल्या रुईची वळलेली हातभर दोरी आणली होती. मी ती ओढून पाहिली. पक्की होती. तीन महिने मी गुणवत्तेच्या जाड पुस्तकातून मिलमध्ये शिकवत होतो की चूक शोधत बसू नका, ती होणारच नाही अशी सोय करा. ते त्या बाईनं पुस्तकाशिवाय करून दाखवलं होतं. मी म्हणालो, तुमची सूचना मी लिहून घेतो.

लिहून घेतली, पण तिचं नाव राहिलं. आधी खरंच राहिलं. टिपण वाचून आमचे मॅनेजर भगवंतराव सगळ्यांसमोर म्हणाले, "चिंतामणराव, डोकं आहे तुम्हाला." त्या वेळी एक वाक्य बोललो असतो तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. मी नुसता हसलो. संध्याकाळी सांगू म्हटलं, मग सोमवारी सांगू म्हटलं. पंधरा दिवसांत अख्खी मिल त्याला माझी दोरी म्हणायला लागली.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. ज्याची सूचना अमलात येईल त्या हंगामी कामगाराला कायम करायचं, हा नियम मिलमध्ये मीच करून घेतला होता. पुरस्काराच्या अर्जात एक प्रश्न होता की कामगारांच्या कल्पनांची दखल तुम्ही कशी घेता. मी त्या नियमावर पानभर मजकूर लिहिला. फार चांगला लिहिला, असं सगळे म्हणाले.

हैदराबादहून व्यंकटराव नावाचे निवृत्त इंजिनिअर पुरस्काराच्या तपासणीला आले. ऑफिसात चहासुद्धा न घेता ते थेट बायांमध्ये जाऊन बसले. तेलुगूत विचारलं, ही दोरीची कल्पना कुणाची? सोजरबाई सीमेवरच्या गावची, तेलुगू तिला समजत होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहू शकलो नाही, हातातली फाईल चाळत राहिलो. "साहेबांची," ती म्हणाली. त्यांनी ते लिहून घेतलं.

बढती झाली, हार घातले गेले. तुझं कॉलेज पुढ्यात होतं म्हणून गप्प बसलो, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत होतो. ते खरं नाही, दमू. तुझं कॉलेज त्या बढतीशिवायही झालं असतं. मला त्या टाळ्या आवडल्या होत्या.

ती त्यानंतर सात हंगाम आली, हंगामीच. फाटकाशी भेटली की नमस्कार करायची. मी घाईत असल्यासारखं दाखवायचो. यंदा सुपरवायझरनं तिला बोलावलं नाही. डोळे अधू झाले, धागे दिसत नाहीत, म्हणाला. कायम असती तर तिला दुसरं काम द्यावं लागलं असतं. मी ते ऐकलं आणि हंगामी कामगारांच्या यादीवर सही करून मोकळा झालो.

गेल्या रविवारी मी तिच्या गावी गेलो. ती सुनेसोबत तुरीच्या शेंगा सोलत होती. मला बाज दिली. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत. "मले तवाच समजलं होतं, साहेब. मीनं म्हटलं, माह्या नावानं कोन आयकते? तुमच्या नावानं काम झालं, बरं झालं." मग मूठभर दाणे सुपात टाकत म्हणाली, "पन कायम झाली असती मी." सुनेनं चहा आणला. तो कसा प्यायलो ते मला माहीत.

सोमवारी भगवंतरावांना सगळं लेखी दिलं. ते म्हणाले, सात वर्षांनी हे काऊन उकरता, पुरस्कार साऱ्या मिलचा आहे. कागद मात्र त्यांनी ठेवून घेतला. पुढे काय होईल सांगता येत नाही. मी रोज विचारणार आहे.

आता हे तुला का लिहिलं ते सांगतो. तुझ्या कंपनीच्या अंकासाठी 'माझ्या बाबांची दोरी' हा लेख तू लिहिलास आणि नावं तपासायला मला पाठवलास. आईनं तो शेजारी वाचून दाखवला. मला पहिल्या परिच्छेदापुढे जाता आलं नाही. सोबत तो परत पाठवतोय. त्यात माझं नाव जिथे जिथे आहे तिथे खोडून सोजरबाईंचं लिहिलं आहे. माझा फोटोही काढून टाक. तुझी मान खाली जाईल, तुझ्या ऑफिसात लोक विचारतील, हे मला कळतं. माझ्यासाठी सबब शोधू नकोस. संपादकांनी कारण विचारलं तर हेच पत्र त्यांच्यापुढे ठेव.

तुझ्या रागाला पात्र असलेला, तरीही तुझाच,
बाबा